अंकल नावाचा फोल्डर

अंबत्तूर, चेन्नई
पोंगल झाल्यानंतरचा रविवार

प्रिय ऊर्मी,

इतक्या वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधी तेच लिहितो. मी बरा आहे. मानेवरची जखम पूर्ण भरली. श्वासासाठी तिथे जे भोक ठेवलं आहे त्यावर विजयाने शिवलेला पातळ सुती रुमाल बांधतो. आरशात पाहिलं की तान्ह्या मुलाला लाळेरं बांधल्यासारखं दिसतं, पण ऊन आणि धूळ दोन्ही अडतात. नाकातली नळी जाऊनही बरेच महिने झाले. परवा पोंगलला गुळाचा भात दोनदा मागून खाल्ला. वास मात्र पूर्वीसारखा येत नाही, हे एक राहिलंच. संजीवरावांचं मोडलेलं पाऊल आता जमिनीवर टेकतं का, हे कळव. त्यांना टाकून तुला ऑपरेशनच्या वेळी इकडे येता आलं नाही, याचं तू मनाला लावून घेतलं होतंस. ते आता काढून टाक. ते दिवस नीट पार पडले. कसे पार पडले ते तुला कुणी सविस्तर सांगितलेलं नाही. विजया फोनवर थोडक्यात आटोपते आणि हरिणीला वेळ नसतो. माझं तर बोलणंच गेलं. तेव्हा बसून लिहितो.

घशातली गाठ स्वरयंत्रातच आहे आणि ते सगळंच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी काय बोललो ते मला आठवत नाही. काहीतरी विनोद केला असणार. माझी सवय तुला माहीत आहे. ना तंबाखू, ना विडी. कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून आयुष्यभर ओरडलो एवढंच, पण त्यानं असं होत नाही असं डॉक्टर म्हणाले. मग उगाच कारण शोधायचं मी सोडून दिलं. हॉस्पिटलात जननी नावाची एक मुलगी आहे, ज्यांचं बोलणं जातं त्यांना ती शिकवते. तिनंच सांगितलं की ऑपरेशनपूर्वी हातात थोडे दिवस आहेत, तेवढ्यात तुमचा आवाज भरून ठेवा. टॅबलेटवर बोट ठेवलं की तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात वाजेल. नंतर वेगळ्या तऱ्हेनं बोलायला शिकवता येईल, पण तो आवाज तुमचा नसेल.

मला ते फार आवडलं. मी लगेच मनाशी ठरवलं, अथर्वशीर्ष म्हणायचं, भीमरूपी म्हणायची, निवृत्तीच्या समारंभात केलं होतं ते भाषण करायचं. जननीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तुम्ही दिवसभरात घरात काय बोलता? मला एक वाक्य आठवेना. इतकी वर्षं बडबड केली आणि घरात काय बोलतो ते सांगता येईना. विजया शेजारी बसली होती. तिला सगळं पाठ होतं. ‘चहा झाला का’, ‘माझा चष्मा कुठे गेला’, ‘पंखा कमी कर’, ‘हरिणी आली का’, ‘आज भाजी कोणती’, ‘तू जेवलीस का’. ती सांगत गेली आणि मी ऐकत राहिलो. माणसाचं बोलणं इतकं साधं असतं हे मला त्या खोलीत कळलं.

घरात रेकॉर्डिंग जमेना. खाली रस्ता, वर पंखा, समोरच्या इमारतीत फरशी कापायचं काम. हरिणी गिंडीला ज्या कंपनीत आहे तिथे कामगारांना शिकवायचे व्हिडिओ बनवतात, त्यासाठी एक बंद खोली आणि चांगला माइक आहे. तिनं साहेबांची परवानगी काढली. तिच्याबरोबर काम करणारा व्यंकटेश नावाचा मुलगा कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरपाशी बसला. त्याला मराठीचा गंध नाही. मी एक वाक्य म्हणायचं, त्यानं अंगठा वर करायचा, की पुढचं. एसीची घरघर येते म्हणून एसी बंद. विजया घामानं निथळत शेजारी उभी राहून एकेक वाक्य सुचवत होती. मधेच ती म्हणाली, ‘माझं चुकलं’ हेही म्हणा. मी म्हटलं, हे मी घरात कधी म्हणतो? ती म्हणाली, नाही म्हणत म्हणूनच. म्हटलं बापड्यानं. दुधवाला, रिक्षावाला, वॉचमन यांच्यासाठी तमिळमध्येही थोडं भरलं. दुपार टळून गेली तेव्हा घसा इतका दुखायला लागला की पुढे बोलवेना.

सगळं झाल्यावर ते कॉम्प्युटरमधून टॅबलेटमध्ये घालायचं होतं. टॅबलेट हरिणीनं याच कामासाठी आणला होता. व्यंकटेशनं वायर जोडली तर कॉम्प्युटरला टॅबलेट दिसेचना, नुसतं चार्जिंग होत राहिलं. मग त्यानं टॅबलेटचा पडदा वरून खाली ओढला, तिथे ‘फक्त चार्जिंग’ असं होतं ते बदलून ‘फाइल ट्रान्सफर’ केलं, आणि लगेच टॅबलेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर हजर झाला. सगळ्या फाइली एका फोल्डरात घालून त्यानं त्या उचलून इकडून तिकडे सोडल्या. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. आम्ही कॉफी पिऊन येईतो काम झालेलं होतं. कंपनीच्या यंत्रावर खासगी काही ठेवायचं नाही असा नियम आहे, म्हणून त्यानं तिथली मूळ प्रत काढूनही टाकली. आम्ही संध्याकाळच्या लोकलनं घरी आलो. टॅबलेट उघडून बघावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी ॲडमिट व्हायचं होतं, बॅग भरायची होती. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचा आवाज ऐकायचा नव्हता. अजून गळ्यात होता ना.

ऑपरेशनचं लिहीत नाही. जाग आली तेव्हा अतिदक्षता विभागात होतो आणि हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा हलली. तीही तोंडातून नाही, मानेतून. मनाची तयारी होती, तरी तो क्षण वाईट होता. पुढे साध्या वॉर्डात आणलं. नर्सबाईंनी एक वही आणि स्केचपेन हातात दिलं. त्यांच्याशी माझं इंग्रजीत छान चाले. मी लिहायचं, त्या वाचायच्या. मग विजया आत आली. चेहरा उतरलेला, रात्रभर बाकावर बसलेली. तिला धीर द्यावा म्हणून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘भिऊ नकोस. मी ठीक आहे.’ आणि वही तिच्यापुढे धरली.

ऊर्मी, तिनं वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वही हातात घेऊन उजेडाकडे नेली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हिला हे वाचता येत नाही.

तुला खरं वाटणार नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट कधी आडवीच आली नव्हती. तंजावरची ती, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण शाळा तमिळ. त्यांच्याकडे स्तोत्रंसुद्धा तमिळ अक्षरांत छापलेली असतात. आमच्या लग्नात तिचं बोलणं ऐकून तूच म्हणाली होतीस की वहिनी जुन्या पोथीतून बोलल्यासारख्या बोलतात. ते बोलणं सगळं कानातून तोंडात आलेलं होतं, कागदाशी त्याचा संबंध नव्हता. आणि मी? इथल्या आवडी गावच्या कारखान्यात नोकरीला लागल्यापासून तमिळ बोलायला शिकलो, भांडायला शिकलो, पण वाचायला बसवरच्या पाट्यांपलीकडे गेलो नाही. वाण्याची यादी ती तमिळमध्ये लिही आणि मी ती न वाचताच दुकानदाराच्या हातात देई. आम्हाला एकमेकांना लिहायची वेळच आली नव्हती. रोज बोलत होतो, लिहायचं कशाला? त्या खाटेवर मला कळलं की आमच्या दोघांत जे काही होतं ते सगळं आवाजावर उभं होतं, आणि तो तर काढून टाकला होता.

मी इंग्रजी अक्षरांत तेच लिहून पाहिलं. तिनं ‘भिऊ’चं एकेक अक्षर लावून ते ‘भाई’ असं वाचलं आणि विचारलं, कुठला भाई, कुणाला बोलवू? मी मान हलवली तर ती जास्तच घाबरली. वही घेऊन ती नर्सबाईंकडे गेली. त्यांना देवनागरी येईना. वॉर्डात फिरून ती विचारू लागली, हे कुणाला वाचता येतं का. पलीकडच्या खाटेवर बिहारचा एक बांधकाम मजूर होता आणि त्याच्या सोबतीला त्याचा मोठा भाऊ, हरिप्रसाद नावाचा. हिंदी वाचणारा. त्यानं वही घेतली आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, ‘भिऊ नकोस. मी ठीक आहे.’ ‘ठीक’ सोडलं तर त्याला अर्थ कळला नाही. पण अक्षरं बरोबर लावली, आणि विजयाच्या कानात मराठी शब्द पडले. ती तिथेच त्याच्या भावाच्या खाटेचा दांडा धरून उभी राहिली.

मग दुपारभर तेच चाललं. मी लिहायचं, हरिप्रसादनं वाचायचं, विजयानं ऐकायचं. त्याला न कळणारी भाषा तो इतकं मन लावून वाचत होता की मध्येच थांबून ‘मतलब?’ असं विचारायचा. विजयाला हिंदी येत नाही. ती खुणा करून समजावायची. मी ‘तू जेवलीस का’ असं लिहिलं तेव्हा त्यानं ते वाचलं आणि अर्थ कळल्यावर स्वतःच्या पिशवीतली दोन केळी काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं एक घेतलं. पण परक्या माणसाच्या तोंडून बायकोशी किती बोलणार? काही वाक्यं मी लिहून खोडली.

टॅबलेट बॅगेत होताच. खुणेनं तो मागून घेतला. गाण्यांचं ॲप उघडलं. त्यात टॅबलेटच्या कंपनीनं दिलेली दोन इंग्रजी गाणी, बाकी काही नाही. फोटोंच्या जागी पाहिलं, तिथे हरिणीनं काढलेला टॅबलेटच्या खोक्याचा फोटो. शोधायच्या चौकटीत ‘बाबा’ घातलं, माझं नाव ‘माधवराव’ घातलं, ‘मराठी’ घातलं. काही सापडलं नाही, असं दर वेळी लिहून येई. विजया माझ्या खांद्यावरून बघत होती. तिच्या भाषेत सांगायचं तर, अस्के हुडकून झालं. तंजावरची माणसं सगळ्याला ‘अस्के’ म्हणतात आणि शोधण्याला ‘हुडकणं’. हरिणीचा फोन लागत नव्हता. त्या दिवशी ती इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्यात तपासणीला गेली होती, आणि तिथे फोन फाटकावरच ठेवून घेतात.

ती दुपार मी विसरणार नाही. हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली होती की मध्येच वायर निघाली होती? आम्ही तर कॉफी प्यायला गेलो होतो. मूळ प्रत काढून टाकलेली. ते परत भरायचं म्हटलं तर कशानं भरणार? छतावरच्या पंख्याकडे बघत पडलो. ‘पंखा कमी कर’ हे एवढं वाक्यही या जगात आता उरलं नाही, असं वाटलं. विजयाला ते कळलं असावं. तिनं टॅबलेट माझ्या हातातून काढून घेतला आणि पदरानं त्याची काच पुसली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं तो नंतर खाली ठेवला नाही.

संध्याकाळी फाटकाबाहेर येऊन हरिणीनं फोन केला. विजयानं तिला सगळं सांगितलं. हरिणीनं सांगितलं की गाण्यांच्या ॲपमध्ये बघू नका, बाहेरून आलेल्या फाइली तिथे दिसतीलच असं नाही. ‘फाइल्स’ असं लिहिलेलं एक चित्र असेल, त्यात टॅबलेटच्या पोटातली साठवण उघडा आणि तिथे काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा. बोट माझं, डोळे आणि तोंड विजयाचं. फोन कानाला लावून ती इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचत खाली उतरत गेली. डाउनलोड, म्युझिक, पिक्चर्स. अगदी तळाशी आल्यावर तिनं सांगितलं की आता एकच उरलंय आणि ते काही कामाचं नाही, अंकल असं लिहिलंय.

‘अंकल?’ हरिणी म्हणाली. मलाही पलीकडून ऐकू आलं. ‘अम्मा, व्यंकटेश बाबांना अंकलच म्हणतो.’

मी उघडलं. आत नुसते आकडे होते, एकाखाली एक, वाक्याचं नाव कशालाच नाही. पहिल्यावर विजयानं बोट ठेवलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मी खाकरलो. आणि म्हणालो, ‘सुरू झालं का? बोलू का आता?’

ते आम्ही मुद्दाम भरलेलं नव्हतं. व्यंकटेशनं यंत्र चालतं का बघायला भरलेलं पहिलं वाक्य तेवढं तसंच राहून गेलं होतं. विजयाचा एक हात फोनवर, एक टॅबलेटवर. ती टॅबलेटकडे बघून म्हणाली, ‘बोला की.’

त्यानंतर काय झालं ते लिहायला नको. हरिप्रसाद उठून व्हरांड्यात गेला एवढं मला दिसलं. फोनमधून हरिणीच्या मागचे बस आणि लॉऱ्यांचे आवाज येत राहिले.

घरी आल्यावर दुसरी कटकट सुरू झाली. वाक्य शोधायचं कसं? सगळ्यांना आकडे. चहा मागायला जावं तर ‘दार लावून घे’ वाजे, चष्मा विचारावा तर दुधवाल्याशी तमिळमध्ये बोलणं सुरू होई. हवं ते सापडेपर्यंत चहा होऊन निवलेला असे. मग एका सकाळी विजया टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरातल्या चौरंगावर बसली. हरिणीनं तिला फाइलचं नाव बदलायला शिकवलं होतं. एकेक वाक्य ऐकायचं, त्यातला मुख्य शब्द पकडायचा आणि तो नाव म्हणून लिहायचा. तिनं कितीतरी सकाळी हे काम केलं. भाजी चिरता चिरता माझा आवाज घरात वाजत असे आणि ती मधूनच उत्तरही देई. काम पुरं झालं तेव्हा तिनं टॅबलेट माझ्यापुढे आणून ठेवला. मी पाहतो तो सगळी नावं तमिळ अक्षरांत. तिला दुसरं कुठलं लिहिता येणार होतं?

हरिणी म्हणाली, मी इंग्रजीत करून देते. मी मानेनंच नको म्हटलं. आणि या वयात, ऊर्मी, मी तमिळ अक्षरं शिकायला बसलो. समोरच्या बालवाडीतलं पुस्तक आणलं. विजया मास्तरीण. पण या लिपीचा एक गुण तुला सांगायलाच हवा. त, थ, द, ध या सगळ्यांना मिळून तिथे एकच अक्षर. त्यातून पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. जेवायला बसलो होतो, वरणभातावर तूप हवं होतं. यादीत नीट अक्षरं लावली आणि मोठ्या विश्वासानं बोट ठेवलं. टॅबलेटमधून मी खणखणीत आवाजात म्हणालो, ‘अगं, धूप लाव, दिवेलागण झाली.’ भर बारा वाजता. विजया हातातली वाटी खाली ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला. हसायला मला आवाज नाही, पण खांदे हलतात. आता तिनं त्या दोन नावांपुढे खुणेला आणखी एकेक शब्द जोडला आहे.

तीही माझ्याकडून देवनागरी शिकते. संध्याकाळी दोघं बाल्कनीत पाट्या घेऊन बसतो, खरोखरच्या पाट्या. तिला ‘झ’ आवडत नाही, मला त्यांच्या दोन ‘ळ’पैकी एक आवडत नाही. ती चुकली तर मी पाटीवर फुली मारतो, मी चुकलो तर ती ‘बेस’ म्हणते, आणि ते चिडवून असतं. भांडणंही पूर्ववत सुरू झाली आहेत. मी रुसून भिंतीकडे तोंड करून बसलो की ती टॅबलेट उचलते आणि यादीतून ‘माझं चुकलं’ शोधून वाजवते. माझ्याच आवाजात मी माफी मागतो आणि ती मोठ्या मनानं माफ करते. तक्रार करायला माझ्याकडे वाक्य नाही, ते भरायचं राहिलं. सगळ्याच्या आणखी प्रती हरिणीनं आता दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. व्यंकटेश अधूनमधून येतो आणि फोल्डरचं नाव बदलून देतो म्हणतो. आम्ही ते बदललेलं नाही.

हरिप्रसादचा भाऊ बरा होऊन गावी गेला. तो स्वतः इथेच कामावर आहे. मध्ये एकदा भेटायला आला तेव्हा मी त्याला टॅबलेटवरून ‘या, बसा’ म्हटलं. त्यानं माझा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला. बराच वेळ टॅबलेटकडे बघत होता, मग माझ्या तोंडाकडे. विजयानं त्याला जेवायला थांबवून घेतलं.

तर असं आहे. दिवस चांगले चालले आहेत. सकाळी अंबत्तूरच्या तळ्यापर्यंत फिरून येतो, दुपारी अक्षरं गिरवतो. जननी म्हणते, घशात एक बारीक झडप बसवली की नवा आवाज काढता येईल. तो घोगरा असेल आणि शिकायला वेळ लागेल. उन्हाळ्यात बघू. घाई नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. भाऊबीजेला तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा मी टॅबलेट घेऊन तयार होतो. ‘कशी आहेस’ वाजवलं आणि तू पदर डोळ्याला लावून फोन संजीवरावांच्या हातात दिलास. त्यानंतर तू विजयाशीच बोलतेस. मला राग नाही, तुला काय होत असेल ते कळतं. पण त्या दिवशी मला खरं तर आधी तुला हाक मारायची होती आणि ती मला सापडली नव्हती. कॉल संपल्यावर मी सगळ्या फाइली पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. विजयाचं नाव आहे, हरिणीचं आहे, व्यंकटेशचंसुद्धा आहे. तुझं नाही. विजयानं मी घरात जे बोलतो ते सांगितलं होतं, आणि तुझं नाव मी घरात घेत नसे. ते फोनवर घ्यायचो, गॅलरीत फेऱ्या मारत, दार लोटून. तिच्या कानावर ते कधी नीट पडलंच नाही, आणि मला स्वतःला तर त्या खोलीत काहीच आठवत नव्हतं. माझा जुना फोन बंद पडला, त्यातलं काही वाचलं नाही. पण हरिणी म्हणते की टाइप करायचा कंटाळा म्हणून बाबा आत्याला बोलून निरोप पाठवायचे, ते आत्याच्या फोनमध्ये असतील. संजीवराव तुला नवा फोन घे म्हणतात ना? अजून घेऊ नकोस. व्हॉट्सॲपमध्ये माझं नाव उघड आणि पडदा वर वर सरकवत जुन्या महिन्यांकडे जा. जिथे बारीक माइकची खूण आणि खालीवर रेघा दिसतील ते माझं बोलणं. लोणचं पोचलं म्हणून, गाडी सुटली का म्हणून, उगाच म्हणून, काहीही असेल. ज्याच्या सुरुवातीला मी ‘ऊर्मे’ म्हटलं असेल त्यावर बोट दाबून धर, वर बाणाची खूण येईल, तिथून हरिणीला पाठव. बाकीचं नाही ऐकलंस तरी चालेल, हरिणी फक्त तेवढी हाक कापून घेईल. मग रविवारी फोन मी करीन. तू उचल, आणि मला फाइल सापडेपर्यंत जरा थांब.

तुझाच,
दादा